सायकलीचा गुण अंगात, धोका रस्त्यात

३ जून हा जागतिक सायकल दिन. संयुक्त राष्ट्रांनी तो २०१८ साली जाहीर केला. तेव्हापासून दरवर्षी त्या सकाळी शहराशहरांत सायकल फेऱ्या निघतात, टी-शर्ट वाटले जातात, फोटो छापून येतात आणि सायकलीचे फायदे सांगितले जातात. फायदे खरेच आहेत, या लेखातही ते येतीलच. पण हा उपदेश असतो कोणाला? मोटार आणि मोटारसायकलवाल्यांना. गाडी घरी ठेवा, सायकल बाहेर काढा, असे त्यांना सांगितले जाते. जो माणूस वीस-वीस वर्षे रोज सायकलनेच कामावर जातो, त्याच्याशी त्या दिवशीही कोणी बोलत नाही.

नागपुरात असा माणूस पाहायचा तर फुटाळ्यावर किंवा सेमिनरी हिल्सवर जाऊन उपयोग नाही. तिथे सकाळी दिसतात ते व्यायामासाठी बाहेर पडलेले लोक. त्यांचेही कौतुकच आहे. याच शहरातले डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिकेची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अतिशय खडतर सायकल शर्यत एकट्याने पूर्ण केली, आणि त्यानंतर कित्येक नागपूरकरांनी महागड्या सायकली घेतल्या. पण कामावर जाण्यासाठी सायकल मारणारा माणूस भेटतो तो कळमन्याला.

शहराच्या पूर्वेकडच्या या टोकाला कृषी उत्पन्न बाजार समितीचे पंडित जवाहरलाल नेहरू मार्केट यार्ड आहे. धान्य, भाजी, संत्री, मिरची, आलू-कांदे अशा सगळ्याचा ठोक व्यापार इथे चालतो. शेजारी चिखली ले-आउटमध्ये शीतगृहे, गोदामे आणि लहानमोठे कारखाने आहेत. मिनीमातानगर, भरतवाडा, पारडी, विजयनगर या वस्त्यांतून हमाल, मापारी, पल्लेदार, गोदामातले कामगार, चहाच्या टपरीवरची पोरे आणि भाजी घ्यायला येणारे किरकोळ विक्रेते इथे येतात. भाजीबाजार उजाडायच्या आधीच भरतो. त्या वेळी शहर बस नसते आणि ऑटोचे भाडे परवडत नाही. पेट्रोल लिटरला शंभर रुपयांच्या वर गेलेले. मग उरते ती कॅरियरवर डबा आणि दुपट्टा अडकवलेली काळी दणकट सायकल.

ही माणसे थोडीथोडकी नाहीत. २०११ च्या जनगणनेत लोक कामावर कसे जातात, हे विचारले गेले. शेतीबाहेर काम करणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक सायकलने जात होते. मोटारसायकल-स्कूटरने जाणाऱ्यांचा वाटाही जवळपास तेवढाच होता. म्हणजे सायकलने कामावर जाणे ही कुणा हौशी मंडळींनी आणलेली नवी टूम नाही. देशातल्या कोट्यवधी लोकांचे ते रोजचे जगणे आहे. आरोग्याच्या सदरात त्यांचा विचार व्हायला हवा तो याच दृष्टीने: त्यांच्या शरीराला सायकल काय देते, आणि त्यांच्याकडून रस्ता काय हिरावून घेतो?

शरीराच्या खात्यात काय जमा होते

आधी जमेची बाजू. सायकल आणि आरोग्य यांचा संबंध सांगणारे बहुतेक अभ्यास युरोपातले असतात, त्यामुळे ‘आपल्याकडे ते लागू होते का’ ही शंका रास्त ठरते. पण २०१३ मध्ये ‘प्लॉस मेडिसिन’ या नियतकालिकात भारतातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लखनौ, हैदराबाद, बेंगळुरू आणि आपले नागपूर, या चार शहरांतल्या कारखान्यांमधले कामगार आणि त्यांचे नातलग यांच्या पाहणीवर तो आधारलेला होता. जवळपास ३,९०० लोक कामावर कसे जातात आणि त्यांची तब्येत कशी आहे, याची सांगड त्यात घातली होती. स्वतःच्या मोटारगाडीने किंवा दुचाकीने जाणाऱ्यांशी तुलना केली असता सायकलने जाणाऱ्यांत वजन जास्त असण्याचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांशाने कमी आढळले, मधुमेहाचेही तसेच, आणि उच्च रक्तदाबाचे तर जवळपास निम्मे.

हे आकडे जपून वाचायचे. ही पाहणी एका वेळी काढलेल्या फोटोसारखी आहे. त्यातून संबंध दिसतो, पण कारण काय आणि परिणाम काय हे पक्के ठरत नाही. ज्याची तब्येत मुळात बरी, तोच सायकल चालवत राहतो, असेही असू शकते. म्हणून माणसांचा वर्षानुवर्षे मागोवा घेणारे अभ्यास पाहावे लागतात. ब्रिटनमध्ये अडीच लाखांहून अधिक लोकांचा सरासरी पाच वर्षे मागोवा घेतलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. बसून कामावर जाणाऱ्यांच्या तुलनेत सायकलने जाणाऱ्यांमध्ये त्या काळात मृत्यूचा धोका ४१ टक्क्यांनी कमी होता. कर्करोग आणि हृदयविकार होण्याचे प्रमाणही जवळपास तितकेच कमी आढळले. कोपनहेगनमधल्या जुन्या अभ्यासाचा निष्कर्ष याच दिशेचा होता.

असे का होते, हे समजायला अवघड नाही. मांड्या आणि नितंब यांचे स्नायू शरीरातले सर्वांत मोठे. ते काम करू लागले की रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न पाहता आत ओढून घेतात. रोज दोनदा असे झाले की साखरेवर दिवसभर ताबा राहायला मदत होते. रक्ताचा प्रवाह वाढल्याने रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर लवचीक राहते आणि रक्तदाब उतरतो. शिवाय शरीराचे वजन सीटवर पडते, गुडघ्यावर आदळत नाही, त्यामुळे धावण्यापेक्षा सायकल सांध्यांना सोसते. भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, असे आयसीएमआरच्या २०२३ मधल्या पाहणीने दाखवले. अशा देशात हा फुकटातला उपाय लहान म्हणता येणार नाही.

वेळेचा हिशोबही सोपा आहे. प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. घरापासून कामाची जागा चार किलोमीटर असेल तर सायकलने पंधरा-सोळा मिनिटे लागतात. जाऊन-येऊन अर्धा तास, आणि आठवड्याचे पाच दिवस धरले तर १५० मिनिटे आपोआप पुरी होतात. जिमला वेगळा वेळ आणि वेगळे पैसे लागत नाहीत.

आणि सुखही आहे. ते आकड्यांत बसत नाही म्हणून त्याला कमी लेखू नये. चालताना जेवढी ताकद लागते तेवढ्यात सायकल तिप्पट-चौपट अंतर कापते. आपल्याच पायांच्या जोरावर एवढे लांब जाता येते, ही भावना लहानपणी पहिल्यांदा हाफ पेडल मारले तेव्हाची असते आणि ती पुढे पुरती जात नाही. आंबिया बहाराची संत्री आली की डिसेंबरच्या पहाटे बाजाराच्या बऱ्याच अलीकडे वास येतो, तो हेल्मेटची काच लावून ऐंशीच्या वेगाने जाणाऱ्याला येत नाही. वाटेत तर्री पोह्यांच्या ठेल्यावर पाय टेकवून थांबता येते, पार्किंग शोधावे लागत नाही. पंक्चर झाले तर चार पैशांत काम भागते. बसची वाट पाहावी लागत नाही की कोणाला ‘सोडतो का’ म्हणावे लागत नाही. रात्री बारा तासांच्या हमालीनंतरही माणूस घरी जातो तो स्वतःच्या मर्जीच्या वेळी.

ओझे वाहणाऱ्या शरीराचा वेगळा प्रश्न

इथे एक भेद करायला हवा, आणि सायकल दिनाच्या भाषणांत तो कधी येत नाही. कार्यालयात दिवसभर बसणाऱ्याला सायकलीचा जेवढा फायदा होतो तेवढाच दिवसभर पोती उचलणाऱ्या हमालाला होईल, असे गृहीत धरता येत नाही. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी यावर बरेच काम केले आहे. फावल्या वेळातली हालचाल हृदयाला पोषक ठरते, पण कामाचा भाग म्हणून तासन् तास उचललेले ओझे तसे पोषक ठरत नाही, उलट अपायकारक ठरू शकते, असे त्यांना आढळले. कारण अशा कामात वेग आपल्या हातात नसतो, विश्रांती पुरेशी नसते आणि रक्तदाब दिवसभर चढाच राहतो.

म्हणून हमालाला ‘अरे वा, तुमचा व्यायाम आपोआप होतो’ असे म्हणणे ही त्याची थट्टा आहे. त्याच्यासाठी सकाळची सायकल ताजेतवाने करणारी असेल, रात्रीची मात्र थकलेल्या शरीरावरचा शेवटचा भार असते. थकलेल्या माणसाची नजर आणि प्रतिक्रिया मंदावतात. नेमक्या त्याच वेळी रस्त्यावर अंधार असतो आणि ट्रक वाढलेले असतात.

खर्चाची बाजू

ब्रिटनमधल्या त्याच लोकांवरचा आणखी एक अभ्यास २०२० मध्ये आला. त्याने जमाखर्च एकत्र मांडला. हजार लोकांनी दहा वर्षे कामावर जाण्यासाठी सायकल वापरली तर दुखापतीमुळे पहिल्यांदाच रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचे २६ प्रसंग वाढतील. दुसऱ्या बाजूला कर्करोगाचे १५ रुग्ण, हृदयविकार आणि पक्षाघाताचे ४ रुग्ण आणि ३ मृत्यू कमी होतील. एकूण हिशोब सायकलीच्या बाजूने जातो.

पण हा हिशोब ब्रिटनच्या रस्त्यांवरचा आहे. त्यातली जमा ही शरीराची आहे. माणसाचे शरीर लंडनला आणि कळमन्याला फार वेगळे वागत नाही, त्यामुळे ती बाजू थोड्याफार फरकाने इथेही तीच राहील. खर्चाची बाजू मात्र रस्ता ठरवतो आणि रस्ता गावागणिक बदलतो. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक लोक मरण पावले. त्यांत ४,८३६ सायकलस्वार होते. यांतला जवळजवळ कोणीही सायकलीच्या वेगामुळे मेलेला नाही. बहुतेकांना कशाने तरी धडक दिली आहे.

कळमन्याचा रस्ता म्हणजे मुख्यतः ट्रकचा रस्ता. ट्रकची भीती सगळ्यांनाच असते, पण ती नेमकी कुठे असते हे कळले तर जीव वाचू शकतो. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. त्याच्या केबिनच्या डाव्या अंगाला लागून आणि बंपरच्या अगदी पुढे जी जागा असते ती त्याला आरशातही नीट दिसत नाही. सायकलस्वार नियमाप्रमाणे डावीकडून चालतो, म्हणजे तो नेमका त्याच आंधळ्या जागेत असतो. त्यातून ट्रक डावीकडे वळला की मागची चाके पुढच्या चाकांच्या माग जात नाहीत, ती कोपऱ्याला अधिक चिकटून आत येतात. पुढचे चाक लांबून गेले म्हणून सायकलवाला निर्धास्त राहतो आणि मागच्या चाकाखाली सापडतो. बाजाराच्या फाटकाशी, गोदामांच्या वळणावर आणि सिग्नलजवळ हेच घडण्याची भीती असते. चालक बेफिकीर नसला तरी हे घडू शकते, हे लक्षात घ्यायला हवे.

दुसरा शत्रू अंधार. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. समोर काही आहे हे लक्षात येऊन ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद गेला तरी २५ मीटर संपले, आणि ब्रेक लागून थांबायला त्याहून पुढचे अंतर लागते. भरलेल्या ट्रकला आणखी जास्त. मळकट कपड्यातला, दिवा नसलेला सायकलस्वार डिपरच्या उजेडात जेमतेम ३०-४० मीटरवरून दिसतो. म्हणजे चालकाने पाहिले तरी तो थांबू शकत नाही. रस्त्याच्या कडेला उभे केलेले ट्रक यात भर घालतात, कारण त्यांना वळसा घालायला सायकलवाल्याला मध्ये यावेच लागते.

वेगाचे गणित याहून सोपे आहे. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. म्हणूनच जिथे पायी आणि सायकलने जाणारे लोक गाड्यांमध्ये मिसळतात तिथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असावी, असा आग्रह २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात धरला गेला.

ऊन, धूळ आणि मिरचीचा ठसका

विदर्भात तिसरा धोका आकाशातून येतो. नागपूरचा पारा २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ अंशांवर गेला होता. सायकल मारताना आपण खर्च केलेल्या शक्तीचा साधारण पाव हिस्सा चाकाला मिळतो, उरलेल्याची उष्णता होते. एरवी ती वारा घालवतो. पण त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते. हवा ४४ अंशांची झाली की तोच वारा अंगाला गार करण्याऐवजी तापवतो, आणि घामाचे बाष्पीभवन हा एकच मार्ग उरतो. आपली हवा कोरडी असल्याने घाम निघताक्षणी उडतो. अंग ओले दिसत नाही, त्यामुळे किती पाणी गेले हे कळतच नाही. तासाला लिटरभर सहज जाते.

तोंडाला घट्ट दुपट्टा बांधायची नागपुरी रीत शास्त्राला धरूनच आहे. तो ओला करून बांधला तर आणखी चांगला. खिशातल्या कांद्याने मात्र शरीराचे तापमान उतरत नाही. त्यापेक्षा ताक, मीठ घातलेले कैरीचे पन्हे किंवा ओआरएस कामाचे. शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. म्हणून गावाहून सुट्टी काढून मे महिन्यात परतलेल्याने पहिल्याच दिवशी भर दुपारी सायकल हाणू नये. बोलण्यात गोंधळ, तोल जाणे, तापलेले अंग ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अशा वेळी माणसाला सावलीत घ्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी टाकून वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये.

धुळीचे आणि धुराचे काय? सायकलस्वाराचा श्वास बसलेल्या माणसाच्या कितीतरी पट वेगाने चालतो, मग फायदा धुरात वाहून जातो का? २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने याचे उत्तर दिले. हवेतल्या पीएम २.५ या सूक्ष्म कणांचे प्रमाण घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम असेल, तरी रोज दीड तासापर्यंत सायकल चालवण्यात तोट्यापेक्षा फायदाच जास्त असतो. त्यापुढे पारडे फिरते. अर्ध्या-पाऊण तासाच्या प्रवासासाठी म्हणजे धूर हे सायकल सोडायचे कारण ठरत नाही. मात्र थंडीत पहाटेचा धूर जमिनीलगत साचतो, तेव्हा रिंग रोड टाळून आतल्या गल्लीने गेलेले बरे. मोठ्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत शिरले तरी कण बरेच कमी होतात. दुपट्टा जाडी धूळ अडवतो, सूक्ष्म कण अडवत नाही. दमा असणाऱ्याने एन-९५ मास्क वापरावा.

मिरचीच्या हंगामात बाजाराजवळून जाताना घशात जो ठसका उठतो त्याची गंमत सांगण्यासारखी आहे. मिरचीतले कॅप्सेसिन आपल्या मज्जातंतूंवरच्या ज्या संवेदकाला चेतवते, तोच संवेदक सुमारे ४३ अंशांच्या वरची उष्णता ओळखतो. या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मिरची आणि एप्रिलचे ऊन दोन्ही ‘भाजते’ असे आपण म्हणतो ते शब्दशः खरे आहे. पण ट्रकच्या शेजारी असताना असा ठसका लागणे गमतीचे नाही. तिथे उतरून चालणेच बरे.

स्वतःच्या हातात काय

सायकलवाल्याने काही गोष्टी जरूर कराव्यात, त्यांना फार खर्च येत नाही. वळण्याच्या बेतात असलेल्या ट्रकच्या डावीकडून पुढे घुसू नका, दहा सेकंद मागेच थांबा. मागे लाल आणि पुढे पांढरा दिवा लावा. तो नसेल तर मडगार्डला, पेडलला आणि कॅरियरच्या पोत्याला चमकणारी पट्टी चिकटवा. ती शंभर मीटरहून लांब दिसते. पेडल वर-खाली होत असल्याने त्यावरची पट्टी चालकाच्या नजरेत लगेच भरते. हेल्मेटने डोक्याची गंभीर दुखापत सुमारे दोन-तृतीयांशाने घटते असे अभ्यास सांगतात, तेव्हा ते घालावे. अर्थात ट्रकच्या चाकापुढे कोणतेही हेल्मेट टिकत नाही. सीट इतकी उंच ठेवा की टाच पेडलवर ठेवल्यावर पाय सरळ होईल. गुडघेदुखीच्या अनेक तक्रारी बुटक्या सीटमुळे होतात. पावसात लोखंडी रिमवर ब्रेक उशिरा लागतो, त्यामुळे अंतर दुप्पट धरून चाला. कॅरियरवर पोते असेल तर उतारावर आधीपासूनच वेग कमी करा.

काही जण म्हणतात, सायकलवालेच उलट्या बाजूने येतात, दिवा लावत नाहीत, मग दोष कोणाचा? तक्रार खोटी नाही, उलट्या बाजूने जाणे जिवावर बेतू शकते. पण दुभाजकातली वाट एक-दीड किलोमीटर लांब असली की गाडीवाल्याला दोन मिनिटांचा वळसा पडतो आणि थकलेल्या हमालाला दहा मिनिटे पाय मारावे लागतात. जो रस्ता त्याचा विचार करत नाही त्या रस्त्याचे नियम तो मोडणार, हे ओळखूनच रस्ता आखायला हवा.

खरा उपाय रस्त्याच्या हातात

माझे म्हणणे एवढेच आहे की सायकलीचा प्रचार नव्या सायकलस्वारांपासून नव्हे, जुन्यांपासून सुरू व्हावा. केंद्राच्या ‘सायकल्स फॉर चेंज’ स्पर्धेत निवडल्या गेलेल्या अकरा शहरांत नागपूर होते, ही अभिमानाची गोष्ट. पण त्या काळात आखलेले पट्टे पश्चिम नागपुरात दिसले. तिथे सायकल ही हौस आहे. कळमन्याला ती पोटाचा भाग आहे, आणि धोका तिथेच जास्त आहे. औषध रोग्याला द्यायचे असते. सायकल मार्गाचा पहिला हक्क पूर्व नागपूरचा आहे.

त्यासाठी उड्डाणपुलांसारखा खर्च लागत नाही. बाजाराच्या फाटकावर सायकल आणि पायी येणाऱ्यांना स्वतंत्र, अरुंद प्रवेश द्या, म्हणजे ट्रकच्या वळणात ते सापडणार नाहीत. कोपऱ्यावर बहिर्गोल आरसे लावा. रस्त्याच्या कडेला उभे राहणारे ट्रक आवारात घ्या. पहाटे तीन ते सहा या वेळेत त्या रस्त्यांवरचे दिवे चालू असतील याची जबाबदारी एखाद्या अधिकाऱ्याच्या नावावर टाका. गर्दीच्या पट्ट्यात ताशी ३० ची मर्यादा केवळ पाटीवर न ठेवता गतिरोधकांनी पाळायला लावा. ट्रकच्या बाजूला माणूस चाकाखाली जाऊ नये म्हणून लावायच्या संरक्षक पट्ट्या आपल्या वाहन नियमांत आहेत. त्या खरोखर आहेत का, हे बाजारात शिरतानाच तपासता येईल. नव्या सायकलींना परावर्तक असावेत म्हणून केंद्राने २०२० मध्ये गुणवत्ता आदेश काढला. पण कळमन्यातल्या बहुतेक सायकली त्याच्या कितीतरी आधीच्या आहेत. हमालांना बाजार समिती परवाना देते, तेव्हा परवान्याच्या नूतनीकरणासोबत चार चमकत्या पट्ट्या द्यायला काय हरकत आहे?

उन्हाळ्यासाठी छप्पर असलेला सायकल स्टँड, पाणपोई आणि दुपारी अर्धा तास टेकायला सावली हवी. सिग्नलवर दुचाकीस्वारांसाठी हिरव्या जाळ्या लावायची कल्पना या शहराने स्वीकारली, मग बाजारातल्या सायकलवाल्यासाठी ती का नको? मेट्रोच्या प्रजापतीनगर आणि ऑटोमोटिव्ह चौक या दोन टोकांच्या मध्ये कळमना पडतो. नागपूर मेट्रोत सायकल नेता येते. या दोन स्थानकांपर्यंत सुरक्षित वाट झाली तर लांबून येणाऱ्या कामगारालाही सायकल आणि मेट्रो यांची जोडी जमवता येईल.

ट्रक बंद करा असे कोणी म्हणत नाही. ट्रक थांबले तर बाजार थांबेल आणि हमालाचीच मजुरी बुडेल. मागणी फक्त एवढी आहे की ट्रक आणि सायकल यांची जागा आणि वळण वेगळे असावे.

तोवर काय घडत राहील, हेही दिसते आहे. कळमन्यातला सायकलवाला हप्त्यावर मोटारसायकल घेईल, कारण तिचा दिवा ट्रकवाल्याला दिसतो आणि तिला वेग आहे. त्याच्या रोजच्या कमाईतला काही वाटा पेट्रोलला जाईल, पोट सुटेल, आणि दहा वर्षांनी तो साखरेची गोळी घेऊ लागेल. मग कुठल्या तरी ३ जूनला त्यालाच कोणी सांगेल की सायकल चालवा, तब्येतीला चांगली असते. ती सांगायची वेळ येऊ नये असे वाटत असेल, तर आज तो चालवतो आहे तोवरच त्याची वाट नीट करायला हवी.